ट्रॅकिंग

नेस्टर परेराच्या लायब्ररीत ती कॅसेट
पंधरा रुपये रात्र, व्हीसीआरचे वेगळे,
आणि वर ताकीद:
मागे गुंडाळून आणा, नाहीतर दोन रुपये जास्त.
वेष्टनावर बॉलपेनने नुसतं ‘भूत – मोठी’,
कारण ‘भूत – छोटी’ तासाभराची होती
आणि तिला कोणी घाबरत नसे.

कन्नमवार नगर, इमारत सत्त्याऐंशी, तळमजला.
आमचा वेस्टन कडेने हिरवा पडायचा.
त्यामुळे रक्त तपकिरी, चंद्र शेवाळलेला,
आणि नायिकेची साडी निळी की काळी
यावर सावंतकाकू आणि आईचं शेवटपर्यंत जमलं नाही.
चित्र खरखरलं की उपेंद्र झाकण उघडायचा,
दोन रुपयांची कोरी नोट
हेडवरून अलगद फिरवायचा,
ताप आलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावी तशी.
ती नोट आई नंतर देवाजवळ ठेवू देत नसे.

आवाजाचं तर विचारू नका.
किंकाळीत आणि वाऱ्यात फरक नव्हता,
संवाद पाण्याखालून यायचे,
आणि सगळ्याच्या मागे एक अखंड सूं.
टेपची, की गच्चीवरच्या टाकीत चढणाऱ्या पाण्याची,
कोण जाणे.
घाबरायला ती सूं पुरत होती.
ती थांबली की काहीतरी येणार, एवढं कळायचं.

मग जिना.
जिन्यावरून ती उतरायची, पाठमोरी,
हातात कंदील, एक पायरी, एक पायरी,
आणि वळणार तेवढ्यात
पडदा खालून फाटत यायचा.
पांढऱ्या रेघा, मुंग्या,
मान एकीकडे, धड दुसरीकडे.
ट्रॅकिंगचं चाक कितीही फिरवा.
नेस्टर म्हणायचा, तिथे टेप झिजली रे बाबा,
सगळी विक्रोळी तेवढंच मागे घेऊन बघते.
म्हणजे आमच्या आधी घाबरलेल्यांनी
तिचा चेहरा घासून घासून पुसला होता.

उपेंद्र माझ्याहून चार वर्षांनी मोठा.
तोंडावर उशी धरून विचारायचा, गेली?
मी म्हणायचे, गेली.
ती अजून तिथेच असायची.
उशी खाली यायची आणि तो असा ओरडायचा
की पलीकडचे राणे भिंत ठोकायचे.
दर वेळी मी खोटं बोलले.
दर वेळी त्याने विचारलं.

परवा तोच सिनेमा चकतीवर आणला.
मूळ निगेटिव्हवरून, धुऊनपुसून, असं वेष्टनावर आहे.
आता दार कुरकुरतं ते माझ्या फ्रिजमागे,
वटवाघूळ पंख्याला वळसा घालून जातं.
साडी जांभळी. दोघीही हरल्या.
चंद्राच्या मागे बल्ब,
वटवाघळाला दोरा,
धुक्यात कुणाची तरी विसरलेली चप्पल.

जिना आला. मी रिमोट घट्ट धरला.
ती वळली.
चाळिशीची बाई.
डोळ्याखालचा पांढरा रंग घामाने ओघळलेला,
दंडावर देवीचा व्रण, आईला होता तिथेच.
कंदिलाची कडी तापली असावी, तिने बोट बदललं.
आणि ओरडण्याआधी,
जिथे आमच्याकडे नुसती सूं होती,
तिथे स्वच्छ ऐकू आला तिचा श्वास
आणि कुणीतरी हळूच म्हणालेलं,
‘बाई, पायरी बघा.’

मी ते चार वेळा मागे घेतलं.
चकती झिजत नाही.

रात्री बदलापूरहून उपेंद्रचा फोन.
पंचावन्न वर्षं, साखर, गुडघे, मोठीचं लग्न.
बघितलास? कशी आहे प्रिंट?
चकाचक, म्हटलं.
मग तो थांबला.
हल्ली फोनवरही सूं नसते,
कोणी थांबलं की नुसतं काहीच नसतं.
आणि तिचा चेहरा? दिसतो?

नाही रे, मी म्हटलं.
तिथे अजून फाटतंच.