मोजणी

व्हर्लीन टीस्टर दोराला लटकून
कड्यावरचं दगडफूल मोजते.
उत्तरेकडची भिंत, वरून पाझर, भोवती धुकं,
आणि तळहाताएवढा एक ठिपका:
निळसर राखाडी चिरफळ्या, बुडाशी काळ्या,
पेटता पेटता कुणी विझवलेल्या पत्रासारख्या.
मागच्या खेपेला अकरा होते.
आज नऊ.
एक कुणाच्या तरी बुटाखाली गेला,
दुसरा का गेला ते लिहायला
फॉर्मवर रकाना नाही.

वर फर वाळून उभे आहेत, पांढरे,
त्यांची सावली होती तोवर
याला कायद्याची गरज नव्हती.

खाली दोर धरून बसलाय ओडेल, तिचा मावसभाऊ.
तो बसलाय त्या ओंडक्याखाली सॅलमँडर असणार.
कुठल्याही ओंडक्याखाली असतोच.
मातकट, बोटभर, तोंडावर किंचित हसू
(ते हसू नाही, जबड्याची ठेवण आहे).
त्याला फुप्फुसं नाहीत,
कातडीनंच श्वास घेतो,
म्हणजे ओल गेली की गेला.
वरच्या त्या राखाडी जिवाचंही तेच:
धुकं पितो, धुक्यावर जगतो.

डोंगरातले लोक याला झऱ्यावरची पाल म्हणतात.
ओडेलचा बाप पेट्रोल पंपाशेजारी
कॉफीच्या डब्यातून विकायचा, डझनाच्या भावानं,
गळाला लावायला.
तेरावी फुकट.

"तुझ्या फुलाचा पत्ता सरकार लपवून ठेवतं,"
ओडेल खालून ओरडतो,
"माझ्या पालीला कुणी नावसुद्धा विचारत नाही.
दे एक फॉर्म. लिहितो: पुष्कळ."

ती उतरते. बोटं गारठून वाकडी.
थर्मासातली कॉफी कोमट.
"दाखव तर," म्हणते.

तो उठून ओंडका उलटतो.
माती. एक गोगलगाईचं कवच.
"दुपारची वेळ," तो म्हणतो. कुणी विचारलेलं नसताना.

दुसरा ओंडका उलटण्याआधी
तो हात झऱ्यात बुडवतो
(कोरड्या हातानं धरू नये, बापानं शिकवलेलं,
विकायच्या मालाबद्दल),
आणि बराच वेळ
वाकून पाहत राहतो.

मग पेन्सिल मागतो.
नऊच्या खाली, समासात,
शाळेतल्यासारख्या जाड अक्षरात लिहितो:
ओंडका पहिला, नाही.
ओंडका दुसरा, एक.

आणि दोन्ही ओंडके
होते तसे, त्याच खळग्यात
नीट बसवून ठेवतो.