गळतीचा सेन्सर

व्यंकटनं पुण्याहून मावशीला पाठवलं काय,
तर बोलणारं यंत्र.
गयामावशी जन्मापासून बहिरी.
तिला वाटलं लोणच्याची बरणी,
झाकण शोधलं, सापडलं नाही,
मग मला हातानं विचारलं: हे उघडतं कुठून?

मी समोरच्या बोळातली. आयटीआय झालेली.
बाई असून लोक मला वायरमनच म्हणतात,
दुसरा शब्द अजून निघाला नाही परभणीत.
फोनवर व्यंकट म्हणाला, ताई, चुकलंच माझं,
आता तुम्हीच निवडा, तुम्हीच बसवा.

बोर्ड उघडला. आत फेज होता,
न्यूट्रल नव्हताच.
हुशार बटणाला दोन्ही लागतात.
भिंत फोडू का, विचारलं,
तर मावशीनं पांढरे हात दाखवले:
कालच चुना मारलाय.
मग बटण राहिलं अडाणी, बल्ब आणला हुशार,
आणि बटणावर चिकटपट्टी,
कुणी दाबू नये म्हणून.

पडद्याची मोटार नको, पडदा म्हणजे जुनं लुगडं.
दाराला कुलूप नको, दार दिवसभर सताड.
कॅमेरा नको,
समोरच्या पायरीवर शमीमआपा असतेच.
तिला पाहिजे एवढंच, की
नळ आलेला कळावा.

नळ येतो अकराव्या, बाराव्या दिवशी,
कधी रात्री अडीचला.
आधी खड्ड्यात हवा सुटते,
त्या फुसफुशीनं सगळी गल्ली उठते, भांडी वाजतात.
मावशी झोपलेली.
म्हणून इतकी वर्षं एक सुतळी,
आपाच्या खिडकीतून बोळ ओलांडून
मावशीच्या मनगटाला.
आपा ओढायची, मावशी उठायची.
पासवर्ड नाही, काही नाही.

मी मागवला गळतीचा सेन्सर,
काडेपेटीएवढा, पोटाशी दोन पितळी टिकल्या.
सोबतच्या कागदावर लाल अक्षरं:
पाणी आढळल्यास धोका. ताबडतोब मुख्य झडप बंद करा.
आपाला वाचून दाखवलं.
आपा म्हणाली, कामून?
कुठला मुलूख म्हणायचा हा,
घरात पाणी आलं की माणसं भितात?

राउटर इन्व्हर्टरवर घेतला.
सेन्सर तीनदा हरवला, चौथ्यांदा सापडला.
ॲपमधलं ‘धोका’ पुसलं, लिहिलं ‘आलं’.
रंग लाल होता, मावशीनं मान हलवली,
लुगड्याचा काठ बल्बसमोर धरला: असा.
मोरपंखी.

एक वाटी पाणी ओतलं.
छत मोरपंखी झालं, भिंती झाल्या,
नवा चुना झाला.
मावशी बघत राहिली, मग स्वतःच ओतायला लागली,
पुसायची, ओतायची.
सातव्या वाटीला आपानं हात धरला:
बस कर, पाणी आहे ते.

जाताना पक्कड काढली, सुतळी तोडायला.
मावशीनं मनगट मागं घेतलं.
मला वाटलं, माया.
तिनं वर बल्बकडं बोट केलं, मग डोळे मिटले:
लाईट गेली तर?

पहिल्या रात्री खड्ड्यात मांजर उतरलं ओल्या पायानं.
दोघी हंडे घेऊन उभ्या पहाटेपर्यंत.
मला शिव्या. त्या आपानं तोंडानं दिल्या,
मावशीनं दोन्ही हातांनी.

मग बाराव्या दिवशी, तीन वाजून दहा मिनिटांनी
खोली मोरपंखी झाली.
मावशी उठली, हंडा लावला,
आणि सुतळी ओढली. तिकडची.
आपाला हल्ली बीपीची गोळी आहे,
फुसफुस ऐकूच येत नाही झोपेत.
गजाला असायचं ते टोक
आता तिच्या पायाच्या अंगठ्याला असतं.

बोलणारं यंत्र आपाकडं गेलं.
ती त्याला रोज विचारते, नळ कधी येणार?
ते म्हणतं, माफ करा, मला समजलं नाही.
आपा म्हणते,
म्हानगरपालिका बी हेच म्हणती,
पण माफी मागत न्हाई.