शेवटची दोन मिनिटं

एनोचा दिवस रात्री दोनला उजाडतो.
राईच्या आंबोणाला मॅचचं सोयरसुतक नसतं.
म्हणून संध्याकाळी सातला, सगळं थंडर बे
टीव्हीपुढे खुर्च्या ओढून बसतं तेव्हा
माझा नवरा उशीत तोंड खुपसून घोरत असतो
आणि कपाटातली काळी पेटी
एक लाल डोळा उघडा ठेवून
त्याच्या वाटची हॉकी बघत बसते.

त्याआधी तीस वर्षं
त्याला मॅच मिळायची ती पहाटेच्या रेडिओवर,
कुणीतरी आधीच चावलेली.
आता दुपारी बाराला, हात धुऊन,
वरच्या मजल्यावर तो ती ताजी उघडतो.
ट्रकच्या, कर्जाच्या, गुडघेदुखीच्या जाहिराती
अंगठ्याने उडवून लावतो.
मॅचमागे पाऊण तास वाचतो म्हणे.
त्या पाऊण तासाचं काय करतोस, विचारलं
तर तो सोफ्यावर झोपलेला.

माझंही काही अडत नाही.
सडबरीहून बहिणीचा फोन आला
की सफरचंदाची कलमं बांधणारी ती बाई
हातात सुरी धरून थांबते,
चाळीस मिनिटं, जराही न कुरकुरता.
घरातलं दुसरं कुणी माझ्यासाठी असं थांबलेलं
मला आठवत नाही.
बाहेर उणे एकतीस, आणि मी तिचा काप
चारदा मागे नेऊन वहीत उतरवते,
अजून न लावलेल्या झाडासाठी.

पण ताजेपणाची एक अट असते.
दुकानाच्या दारावर पुठ्ठा आहे:
स्कोअर सांगणाऱ्याला पाव मिळणार नाही.
पहिल्या आठवड्यात पोस्टमन डेल्बर्ट
नुसती शीळ घालत आत आला,
आणि रिकाम्या हाती परत गेला.
तेव्हापासून गाव शिकलं.
जिंकलो तरी, हरलो तरी
मिसेस कोस्केला एकच चेहरा घेऊन येतात,
चर्चमधल्या ऑर्गनमागचा.
एनोची पाठ वळली की मला कुजबुजून सांगतात,
आणि मीही मिठाची गुळणी धरून
सुट्टे पैसे मोजते.
बारा वर्षं ताकास तूर नाही.

मग मार्चमधला तो गुरुवार.
तीन-तीन. दोन मिनिटं उरलेली.
पेटीला सांगितलं होतं दहापर्यंत,
ती दहाला थांबली.
शब्दाची पक्की, अक्कल बेताची.
वरून आधी शांतता, मग रिमोट आपटल्याचा आवाज,
मग जिन्यावर सपाता.

"कोण जिंकलं?"

दुकानात सात माणसं.
डेल्बर्टने छताकडे बघितलं.
मिसेस कोस्केलांनी विचारलं,
दालचिनीचे संपले का हो?
"अरे, खरंच विचारतोय! रेकॉर्डिंग तुटलं!"
कुणी हललं नाही. परीक्षा असणार,
म्हातारा फसवून पाव बंद करणार.
त्याने माझ्याकडे बघितलं.
मी पिशवीची घडी घातली. सवय.

फोनवर बघ ना, मी शेवटी म्हटलं.
तो म्हणाला, फोन काय, आकडा सांगेल.

तेव्हा सहा वर्षांच्या ओडेटने
आईच्या कोटामागून हळूच चार बोटं वर केली.
"चार! पण कुणाचे?"
ते तिला माहीत नव्हतं.
ती झोपली होती त्या वेळी.

मग डेल्बर्टने टपालाची झोळी खाली ठेवली,
भट्टीतलं लांब फावडं हातात घेतलं,
एक करपलेला बन फरशीवर टाकला
आणि पिठावरून घसरत, धापा टाकत,
दोन्ही संघ, पंच, भोंगा सगळं स्वतःच होत
शेवटची दोन मिनिटं आणि वर सात मिनिटं
पंचवीस मिनिटं खेळला.
गोल मिसेस कोस्केलांच्या बुटांमधून गेला.
एनो पिठाच्या पोत्यावर बसून
डोळे पुसत होता. हरलो होतो आपण.

त्या रात्री मी पेटीत
प्रत्येक मॅचपुढे एक जादा तास लावून टाकला.
काल सहज बघितलं,
तो तास कुणीतरी काढलाय.
घरात आम्ही दोघंच असतो.