एकच लिहा

फॉर्मवर रकाना होता : विशेष विषय.
मी लिहिलं संगीत नाटक, स्वल्पविराम, प्रकाशयोजना.
कारकून म्हणाला, बाई, एकच लिहा,
रकाना बघा केवढासा आहे.
मग मी अक्षर बारीक केलं.

सकाळी सातला वखारभागात
कुमुदिनीताई षड्ज लावून घेतात.
पोटातून घे, खांद्यातून नको, म्हणतात,
आणि माझे खांदे रात्रीच्या केबलनं
आधीच भरून आलेले.
हातांना कसला वास गं हा?
जळक्या धुळीचा, ताई. हॅलोजन तापला की येतो.
गळा जाईल एक दिवस त्या धुळीत, एवढंच बोलून
त्या तंबोऱ्याची जवारी लावायला बसतात :
सुताचा धागा केसभर इकडे, केसभर तिकडे,
आणि तार एकदम उघडते.
मला डिमरची दांडी आठवते.
तीही केसभरच.

इलाहीचाचा मुजावरांचं शास्त्र निराळं.
शिडीवर बोलायचं नाही.
पान्याला दोरी बांधल्याशिवाय वर न्यायचा नाही,
सुटला तर खाली राजा असो की विदूषक,
डोकं सारखंच फुटतं.
पहिले दोन महिने नुसत्या वायरी गुंडाळल्या.
कोपरावर नाही, हातात,
एक वेढा सुलटा, एक उलटा.
कोपरावर घेतली की वायर रुसते.

थिएटरच्या मागच्या भिंतीवर पुराची रेघ आहे,
माझ्या हनुवटीला लागते.
डिमर तेव्हापासून रेघेच्या वर, लाकडी माळ्यावर.
गुरव मास्तरांची पायपेटी मात्र खालीच, पिटात.
तिचा एक सूर अजून ओला वाजतो.

आता गाताना मला कपाळावर कळतं
कुठला दिवा कितीवर आहे.
उजव्या भुवईला ऊब कमी लागली
की समजायचं, तिसऱ्या बारवरचा पाचवा गेला.
आणि माळ्यावर बसते तेव्हा
दुसऱ्याच कुणाच्या तानेत, समेच्या आधी,
श्वास मी घेते.
वहीत क्यू शब्दावर लिहिलेला असतो.
मी तो श्वासावर देते.
चाचांनी वहीतली खाडाखोड पाहिली,
पान उलटलं.

परवा वार्षिक प्रयोग.
तिसऱ्या अंकात पहाट, सव्वाचार मिनिटांची, पदासकट.
मी रंगवलेल्या खांबाशी, भरजरी नऊवारीत,
कमरेला पदराखाली टेस्टर,
काढायचा राहून गेलेला.
पद संपलं.
मागच्या रांगेत कुणीतरी भडंगाचा पुडा दुमडला
आणि ओरडलं, वन्समोर!

मास्तरांनी सूर धरला.
मी वर पाहिलं.
पहाट तर होऊन गेली होती, सगळे दिवे भरलेले.
पद मागे नेता येतं,
पण पुन्हा रात्र करायचा क्यू
वहीत कुठंच नव्हता.

तेवढ्यात पूर्वेचे दोन, हळदीच्या रंगाचे,
उतरायला लागले.
एवढे सावकाश, की पहिल्या रांगेलाही
डोळ्यांवर झापड आल्यासारखं वाटलं असेल, बस्स.
चाचा एकेक दांडी खाली आणत होते,
मला माझा अंधार परत देत होते.
मी आलाप लांबवला.
पाचव्या दांडीला त्यांचा डावा हात लागतो,
त्याचा अंगठा थंडीत आखडतो.
त्या अंगठ्यासाठी एक आवर्तन थांबले.
मग सम.

टाळ्या माझ्या नावावर पडल्या.
दुसऱ्या पहाटेचं नाव पत्रिकेत कसं असणार.

नंतर रिकाम्या रंगमंचावर, तोंडाचा रंग तसाच,
आम्ही वायरी गुंडाळत होतो.
चाचा म्हणाले, दुसऱ्यांदा पंचम जरा चढला तुझा.
मी म्हणाले, तुमचा पाचवा उशिरा उतरला.
त्यांनी वायरीचं दुसरं टोक माझ्याकडे फेकलं.
गप गुंडाळ, म्हणाले.
एक सुलटा.
एक उलटा.