पाच डाउन

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, दुपारी तीनला,
सहकारनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये
घड्याळ सहापट पळायला लागतं.
दहा मिनिटांत एक तास. पहाटेच्या चारपासून.
हॉलमध्ये नांदेवाडी जंक्शन आणि बोरघळ,
बेडरूममध्ये करंजफाटा,
मधल्या भिंतीला भोक पाडलंय, तो बोगदा.
(सोसायटीला सांगितलेलं नाही.)

मी स्वयंपाकघरात, वॉटर फिल्टरखाली.
समोर आखलेला चार्ट, दोन पेन्सिली, फोन.
इथे बसते म्हणून मला चहाचं विचारायचं नाही,
मी सेक्शन कंट्रोलर आहे.
चहा थर्मासात आहे, आपापला घ्या.

गाड्या मला दिसत नाहीत.
"नांदेवाडी. बारा अप आली, चार चाळीस."
मी रेघ ओढते.
माझ्या लेखी गाडी म्हणजे एक तिरकी रेघ,
आणि दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील
तिथे लूप असू दे, एवढंच मागणं.

नांदेवाडीचं यार्ड तांबोळींकडे.
सहा दिवस तापकीर गल्लीत वायरी विकतात, घसा बसेस्तोवर.
सातव्या दिवशी चिठ्ठ्या वाचून वाघिणी लावतात:
गूळ. सिमेंट. रिकामी, परत.
आवाज नाही, फक्त कपलिंगची टिचकी.
करंजफाट्याला झेंडेबाई,
ज्या फोन उचलतात तोच "आता काय?" म्हणत.
मस्करेन्हस अंकल घोरपडीला बत्तीस वर्षं गार्ड होते,
इथेही गार्डच. मेलच्या शेवटच्या डब्यामागून
टेबलाच्या कडेकडेने चालतात,
गुडघा धरून, पण वेळेवर.

आणि ईरा कुदळे, वय नऊ, वरच्या मजल्यावरची.
पहिलीच खेप, म्हणून तिला पाच डाउन दिली.
दर स्टेशनात थांबणारी, दर साइडिंगला खोळंबणारी,
कुणालाच नको असते ती मालगाडी.

"बोरघळ. पाच डाउन सुटली, चौदा बारा."
मी रेघ ओढायला घेतली.
चौदा वीस. करंजफाटा?
"नाही आली."
चौदा तीस.
"नाही म्हटलं ना!"
दोन अप मेल करंजफाट्याला उभी, इंजिन घुमतंय,
अंकलनी दोनदा घसा खाकरला, तो मला भिंतीपलीकडून ऐकू आला.
कंट्रोलरने खुर्ची सोडायची नाही, हा नियम मीच केलेला.
पेन्सिलचं टोक कागदावर तसंच,
रेघ मध्येच संपलेली.

मग फोन. बारीक आवाज.
"पाच डाउन बोगद्यात थांबवलीय. मी थांबवलीय.
ड्रायव्हर पहाटे चारला चढलाय.
आता अडीच वाजले. तो दमला असेल."

पलीकडे कुणीतरी हसलं. झेंडेबाई असाव्यात.
मग सगळं शांत,
आणि अंकलचा आवाज, अगदी कामावरचा:
"कंट्रोल, पोरगी बरोबर बोलते.
मला एकदा दौंडच्या पुढे एकोणीस तास ठेवलं होतं.
कोणी विचारलं नाय.
रिलीफ पाठवा. मेल थांबेल."

मी चार्टवर लिहिलं: पाच डाउन, क्रू बदली.
तांबोळींनी डबा उपसला; जादा ड्रायव्हर कुठला?
दुधाची किटली घेतलेला एक गवळी निघाला.
त्यालाच सुट्या इंजिनावर बसवून बोगद्यात धाडला.
घड्याळ कुणी थांबवलं नाही.
मेलला दीड तास उशीर झाला, पाच वर्षांत पहिल्यांदा.

"पण पहिला झोपणार कुठे?"
ह्याला उत्तर नव्हतं कुणाकडे.
पाण्याची टाकी आहे आमच्याकडे, देऊळ आहे,
सायकलला टेकलेला पोस्टमन आहे, शेळ्या तेरा.
रनिंग रूम कुणी बांधलीच नव्हती.

सात वाजता सगळे गेले, थर्मास तसाच टाकून.
बेडरूममध्ये गेले तर करंजफाट्याच्या फलाटामागे
काडेपेटी, आत कापूस,
कापसात पोटावर पालथा तो, बोटाच्या पेराएवढा,
हात अजून लिव्हर धरल्यासारखे पुढे.

घड्याळ एकोणतीस दिवसांत पुन्हा लागेल.
तोवर झोप म्हणावं.
मी थर्मास विसळायला घेतला, नळ बारीक सोडून.