माडीवरची भाडेकरीण

दिवाळी सरली की मुंडगोडहून यांगझोम येते
स्वेटरांची गाठोडी घेऊन, शहापुरात, आमच्या माडीवर.
भाड्याची घासाघीस कानडीत करते म्हणे.
मला नुसते ओठ दिसतात.
चाळीस वर्षं मागाशेजारी बसलो,
कान मागानंच नेले.

कोनाड्यात तिनं देव मांडलाय.
पुढं तळहाताएवढा आरसा,
लोण्याचा दिवा (लोणी खानापूरच्या गवळणीचं),
वाटीत कुंदा.
"देवाला गोड आवडतं काय गं?"
ती सावकाश बोलली, मला वाचता यावं म्हणून:
मला आवडतं. म्हणून त्याला.

धूप जिना उतरून खाली येतो,
कसल्याशा थंड झाडाचा,
निपाणीच्या पाहुण्याची तंबाखू गप्प होते.

एकदा म्हणाली, स्पर्शाला रेशीम लागतं.
पदराचा उरलेला तुकडा दिला,
काठात एक चूक राहिलेला.
तिनं चूक चाचपली
आणि तीच बाजू वर ठेवली.

झांजेच्या वेळी मी उठून जायचो.
माझं काय काम तिथं?
पौषातल्या एका पहाटे तिनं हात धरला,
झांज वाजवली, अन् थरथरती कड
माझ्या मनगटाच्या हाडाला टेकवली.

धोटा थांबल्यावरही थोडा वेळ
माग अंगात चालत राहतो की नाही,
तसं काहीतरी कोपरापर्यंत गेलं.
कुठं संपलं, सापडलं नाही.

शिवरात्रीआधी ती गेली.
आरसा राहिलाय, विसरून की मुद्दाम, कोण जाणे.
खालून बायको हाक मारत असेल.
मी मनगट कानाशी नेतो.