उजवा पाय

तवंदीच्या घाटात पहाटे साडेतीनला
मी झोपलो होतो.
किती वेळ, ते ठाऊक नाही.
जाग आली तेव्हा हात स्टिअरिंगवर होते,
दिवे रस्त्यावर होते,
आणि टेम्पो आपला आपण वळण घेत होता
घरच्या बैलासारखा.

तसं झोपेशी माझं वैर नव्हतं, व्यवहार होता.
उद्यमबागेतून कास्टिंग भरायचं, भोसरीत उतरवायचं,
रिकामं परतायचं.
कागलपर्यंत ती गप्प बसायची.
कोगनोळीचा टोल सुटला, पाट्यांवरची अक्षरं गोल झाली
की पापणीवर येऊन बसायची,
म्हणायची, आलंच की घर, आता काय.
मी तिला लाच देत गेलो:
उघड्या काचेतला वारा, दाताखाली हिरवी मिरची,
मानेवर ओलं फडकं,
हत्तरगीच्या टपरीवरचा चहा, त्यावर आणखी एक.
ती सगळं घ्यायची,
खरं जायची नाही.

अडिवेप्पा होता तोवर निभलं.
क्लीनर म्हणून आला, बोलका निघाला.
दर दोन मैलांना: निद्दी बंतेन्री?
नाही रे.
नाही कसं, आवाज जड झालाय तुमचा.
मग त्याच्या म्हशीची गोष्ट.
यमकनमर्डीच्या बाजारात विकली होती म्हणे,
तिसऱ्या दिवशी चालत परत दारात.
शंभरदा ऐकली.
दर खेपेला तिला वाट थोडी लांब पडायची,
आम्हाला जेवढी उरलेली असेल तेवढी.
पुढं उगारच्या साखर कारखान्यात त्याला रात्रपाळी मिळाली.
गेला.
बाजूच्या सीटवर टॉवेल तसाच राहिला,
जागा धरल्यासारखा.

घाटाचं मी कुणाला सांगितलं नाही.
मालनला तेवढं कळलं.
दारात गाडी लावून मी बराच वेळ उतरलोच नव्हतो.
ती म्हणाली, रेल्वेनं जातात ती माणसं काय खुळी आहेत?
मी म्हटलं, बीडाचं ओझं डोक्यावर घेऊन चढू काय रेल्वेत?
ती काही बोलली नाही. टॉवेल धुवायला घेतला.

शेवटी इंजिनानंच भांडण मिटवलं.
टेम्पो भोसरीत उघडा पडला, मेस्त्री म्हणाला आठ दिवस.
म्हणून हे तिकीट. म्हणून हा वरचा बर्थ.

आडवा झालो, खरं उजवा पाय झोपेना.
वळण आलं की ब्रेक शोधायचा.
गाडी हळू झाली की पंजा आपसूक दाबायचा,
आणि थांबली की पोटरीला वाटायचं,
आपणच थांबवली.
खालच्या बर्थवर एक बाई घोरत होती, निवांत.
तिच्या वाटणीचं कोण जागतंय
हे तिनं विचारलंसुद्धा नव्हतं.
मी विचारत होतो.
पुढं, इतक्या डब्यांपलीकडं,
कुणीतरी डोळे ताणून रूळ बघत असणार.
त्याच्या शेजारी आहे ना दुसरा?
सिग्नल मोठ्यानं सांगतात म्हणे ते एकमेकांना:
हिरवा. हिरवा. पिवळा.
म्हणजे तिथंही म्हैस आहेच,
नुसती रंग बदलते.

मिरज गेलं. शेडबाळ अंधारातच गेलं.
मग उगार.
वाकून बघितलं: पिवळे दिवे, चिमणीचा धूर,
मळीचा आंबूस वास खिडकीतून आत.
तिथं कुठंतरी अडिवेप्पा जागा असणार,
शेजारच्याला जागं ठेवत.
कृष्णेच्या पुलावर डबा वाजायला लागला
तेव्हा मी चादर तोंडावर घेतली
आणि हळूच उत्तर दिलं:
बंत.

घटप्रभा, पाच्छापूर, सुळेभावी
कुणी पाहिली असतील त्यांना विचारा.
बेळगावला हमालानं पाय हलवून उठवलं.
उजवाच.
तोच म्हणत होता,
थांब की रे जरा.